फर्निचरचे पुनर्रंगकाम : रंग व ग्लेझ

वापरलेल्या लाकडी फर्निचरचा जुना लेप घासून किंवा उतरवून त्यावर आधी अपारदर्शक रंगाचे हात आणि मग पातळ, अर्धपारदर्शक ग्लेझ देण्याची पद्धत. ग्लेझमध्ये रंगद्रव्य थोडे आणि माध्यम, म्हणजे ते ज्यात कालवतात तो पारदर्शक द्रव, भरपूर असते. ते लावायचे आणि लगेच बरेचसे पुसून टाकायचे. कंगोऱ्यांत, कोरीवकामाच्या खोबणीत आणि ब्रशच्या बारीक रेषांत जे उरते, तेवढेच कामाचे. ग्लेझला झिलई म्हणण्याचा मोह होतो. पण झिलई म्हणजे मातीच्या भांड्यावर भट्टीत वितळून बसलेली काचेसारखी चकाकी. फर्निचरवरचे ग्लेझ हवेत सुकते आणि पुष्कळदा अजिबात चकाकत नाही.

ही युक्ती सुतारांची नव्हे, चित्रकारांची. पंधराव्या शतकात यान व्हान आयकसारखे फ्लेमिश चित्रकार तेलात कालवलेले पारदर्शक थर एकावर एक चढवून रंगाला खोली आणत. फर्निचरवर तिचा उपयोग बराच काळ सोंग वठवण्यासाठी झाला : साध्या पाइनवर रंग देऊन ओल्या ग्लेझमधून फणी ओढायची आणि महागड्या लाकडाच्या रेषा उमटवायच्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ग्रामीण कारागीर रंगद्रव्य चक्क व्हिनेगरमध्ये कालवत आणि ओल्या थरावर पुट्टीचा गोळा किंवा मक्याचे बुरकुंड दाबून नक्षी काढत. 1990 मध्ये ब्रिटनमध्ये ॲनी स्लोन यांनी खडूसारखा मंद दिसणारा ‘चॉक पेंट’ बाजारात आणला आणि हे काम हौशी लोकांच्या हाती गेले. ‘घासायला नको, प्रायमर नको’ ही त्या प्रकारच्या रंगांची ख्याती अर्धीच खरी आहे. रंग चिकटतो; खालचा डाग मात्र थांबत नाही.

डागाचे कारण लाकडातच असते. ओक, महोगनी यांसारख्या लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने ते सुटते आणि पांढऱ्या थरातून पिवळट किंवा गुलाबी होऊन वर येते. अशा वेळी माणूस तिसरा, चौथा हात देत राहतो आणि डाग प्रत्येक हातातून पुन्हा डोकावतो. उपाय लाखेचा : स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा एक हात मध्ये दिला की टॅनिन अडते. जुन्या कपाटाचा कुबट वासही त्याने बराच दबतो.

मूळ लेप कोणता, हे एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासता येते. स्पिरिटच्या बोळ्याने चिकट झाला तर लाखेचे पॉलिश. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ पडला तर लॅकर. दोन्हींना जुमानला नाही तर बहुधा व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. घासण्याआधी धुणे आवश्यक आहे. हा क्रम उलटला की वर्षानुवर्षांचे मेण आणि तेलकटपणा पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत दाबला जातो. सिलिकॉन असलेले पॉलिश पूर्वी वापरले गेले असेल, तर नवा रंग जागोजागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसू लागतात. त्यानंतर 120 आणि मग 220 नंबरचा कागद पुरतो. हेतू लाकूड उघडे करण्याचा नसून पकड देण्याचा आहे. व्हीनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर हात आवरावा : त्याची जाडी बहुधा मिलिमीटरभरही नसते आणि कडांवर ते सगळ्यात आधी झिजते. भेगा-खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची ती याच टप्प्यावर.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर 1978 मध्ये बंदी आली. अनेक देशांत ती आणखी उशिरा आली. संशय असला तर तो रंग कोरडा घासू नये, कारण धोका धुळीत आहे.

ग्लेझ द्यायचा पृष्ठभाग किंचित तुकतुकीत हवा. खडूसारख्या कोऱ्या रंगावर ते ओतल्यासारखे शोषले जाते आणि पुसूनही निघत नाही. मग आधी पारदर्शक लेपाचा एक हात द्यावा लागतो. मिश्रणाचे प्रमाण साधारण चार भाग माध्यमाला एक भाग रंग. काळ्यापेक्षा करडा-तपकिरी बरा. काळे ग्लेझ जुनेपणासारखे दिसत नाही, मळासारखे दिसते.

एका खणाचे तोंड घ्या. आखूड ब्रशने ग्लेझ आधी कंगोऱ्यात कोंबायचे, मग सपाट भागावर पसरायचे. जेमतेम ओलसर सुती फडक्याने मधला भाग पुसायचा, आणि शेवटी फडके ओढायचे ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, मध्ये न थांबता. थांबलात तिथे पट्टा उमटतो. पाण्यातल्या ग्लेझला हे सारे सुमारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागते. तेलातले बराच वेळ हाताळता येते. म्हणून एका वेळी एकच खण, आणि टेबलाचा मोठा फळा असेल तर दोन माणसे : एक लावणारा, एक पुसणारा.

तेलातल्या ग्लेझचे फडके मात्र गोळा करून टाकू नये. त्यातले जवसाचे तेल सुकताना ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता निघते. चुरगाळलेल्या बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते एकेरी पसरून वाळवावे किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे.

वर संरक्षक लेप देतात. तेलातले पॉलियुरेथेन पांढऱ्या रंगावर काही काळाने पिवळे पडते, त्यामुळे फिक्या रंगांवर पाण्यातले निवडतात. मेण दिसते छान, पण पुढे पुन्हा रंगवायचे झाले तर आधी ते पूर्ण काढावे लागते.

या साऱ्या प्रकारावर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. सुबक जुन्या वस्तूवरचे मूळ पॉलिश हाच तिच्या किमतीचा मोठा भाग असू शकतो. उघड्या छिद्रांच्या लाकडात एकदा शिरलेला रंग पुढे सुईने टोकरला तरी पुरता निघत नाही. ग्लेझकाम शोभते ते ज्याचे व्हीनिअर उडाले आहे, दुरुस्त्या डोळ्यांवर येतात किंवा लाकूड मुळातच सामान्य आहे अशा फर्निचरला.

खणांच्या बाजू आणि ते सरकतात त्या पट्ट्या रंगवत नाहीत. थरांच्या जाडीने खण अडकतो. हाताला कोरडा लागलेला रंगही पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. त्याआधी वर जड वस्तू ठेवली की तिचा ठसा उमटतो.