टॅप चेंजर (रोहित्रातील)
वीजभार चालू असतानाच रोहित्राच्या गुंडाळीतील फेरे कमी-अधिक करून व्होल्टेज मर्यादेत राखणारी यंत्रणा. टॅप, म्हणजे गुंडाळीच्या मधल्या फेऱ्यांतून काढलेली जोडणीची टोके, बहुधा उच्चदाब गुंडाळीवर असतात, कारण तिथे प्रवाह कमी असतो. भारतातील १३२/३३ केव्ही रोहित्रांत १.२५ टक्क्यांच्या अंतराने १७ टॅप सर्रास आढळतात.

यंत्रणेचे जनकत्व जर्मन अभियंते बर्नहार्ट यानसेन यांना देण्याचा प्रघात आहे. त्यांच्या एकस्वाचा (पेटंटचा) काळ साधारणपणे १९२६-२७ मानतात. मात्र त्याच दशकात अमेरिकेत रिॲक्टर (प्रवाह आवरणारे वेटोळे) वापरणारी पद्धत रुजत होती. त्यामुळे यानसेन यांना शीघ्रगती रोधक (रेझिस्टर) पद्धतीपुरते श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. पेच दोन्हीकडे एकच होता. पहिला टॅप आधी सोडला तर मंडल तुटते. दुसरा आधी धरला तर मधले फेरे लघुमंडलित (शॉर्ट सर्किट) होऊन त्यांतून मोठा प्रवाह फिरतो. यानसेन पद्धतीत हा फिरता प्रवाह रोधक आवरतात आणि ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर डायव्हर्टर स्विच (भार एका टॅपवरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) सुमारे ४० ते ६० मिलिसेकंदांत पलटतो. स्विच मध्येच अडकला तर रोधक जळतात, कारण ते क्षणभराच्या प्रवाहासाठीच बनवलेले असतात. रिॲक्टर मधल्या स्थितीत कायम राहू शकतो, पण जागा जास्त घेतो.

सिग्रे या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९८३ च्या पाहणीत, टॅप चेंजर असलेल्या उपकेंद्रांतील रोहित्रांचे सुमारे ४१ टक्के बिघाड याच भागातले निघाले. २०१५ च्या अहवालात गुंडाळी पुढे आणि टॅप चेंजर तिच्या मागे आहे. दोन्ही पाहण्यांचे निकष वेगळे असल्याने यावरून सुधारणेचे माप काढू नये. डायव्हर्टरच्या कप्प्यातले तेल मुख्य टाकीत झिरपले, तर तेलातील वायूंच्या तपासणीत ठिणग्यांमुळे तयार होणारा ॲसिटिलीन वायू दिसतो आणि गुंडाळीतच ठिणग्या पडत असल्याचा समज होतो. रोहित्र उघडण्याआधी ही गळती तपासणे अगत्याचे. निर्वात (व्हॅक्यूम) स्विचांत ठिणगी तेलात पडतच नसल्याने तेल काळवंडत नाही.

व्होल्टेज पाहून टॅप बदलण्याची आज्ञा देणाऱ्या स्वयंचलित रिलेचा निष्क्रिय पट्टा (ज्या मर्यादेत रिले काहीच करत नाही) टॅपच्या एका टप्प्याहून रुंद ठेवावा लागतो, अन्यथा टॅप सारखा वर-खाली होत राहतो आणि संपर्क विनाकारण झिजतात. २७ डिसेंबर १९८३ रोजी स्वीडनमध्ये हामरा उपकेंद्रातील बिघाडानंतर टॅप चेंजरांनी ग्राहकांकडचे व्होल्टेज सावरले. त्याबरोबर भारही पूर्ववत झाला, उरलेल्या वाहिन्यांवरचा ताण वाढला आणि दक्षिण स्वीडन अंधारात गेले. व्होल्टेज फार घसरल्यास टॅप बदल रोखून धरण्याची सोय अनेक पारेषण यंत्रणांत केलेली असते.