राज्यशास्त्राचा प्राध्यापक (महाराष्ट्रातले विद्यापीठ विभाग)

विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात एमएच्या मुलांना शिकवणारा, पीएचडीच्या मुलांकडून संशोधन करवून घेणारा आणि जमलं तर स्वतःही करणारा शिक्षक म्हणजे राज्यशास्त्राचा प्राध्यापक. व्याख्या एवढीच आहे. पण लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीत शेजारच्याला कळलं की हे पॉलिटिकल सायन्सचे सर, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग सर, यावेळी कोण येणार?", आणि सर म्हणाले की बघावं लागेल, प्रत्येक मतदारसंघाचं गणित वेगळं असतं, तर समोरचा हिरमुसतो कारण एवढं तर त्यालाही माहीत असतं. सर स्वतःच एक दिवस तिकीट मागणार असंही काहींना वाटतं. ते सहसा होत नाही.

विभागाचं नाव सगळीकडे सारखं नाही. पुण्यात राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग, मुंबईत बरीच वर्षं सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स. हे सिव्हिक्स प्रकरण जरा नडतं, कारण आपल्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली पानं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा विषय, त्यामुळे यात एमए करून काय करतात असं घरचेच विचारतात. वर्गातली निम्मीअधिक मुलं एमपीएससी नाहीतर यूपीएससीच्या तयारीतली, हे सरांनाही माहीत असतं, आणि प्लेटो शिकवताना मागच्या बाकावर चालू घडामोडींचं मासिक उघडं असलं तरी बरेच सर काही बोलत नाहीत.

पदं तीन, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. बोलताना मात्र तिघंही "सर" किंवा "मॅडम"च. सातव्या वेतन आयोगात सहायकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. आत शिरायला नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्यपातळीची) ही पात्रता परीक्षा लागते, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेतं. २०१८ च्या यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायकाने आठवड्याला १६ तास आणि वरच्या दोघांनी १४ तास थेट शिकवायचं असतं. हे ऐकून बँकेतला भाऊ म्हणतो मजा आहे तुमची, त्याला पेपर तपासणी, अभ्यास मंडळाच्या मीटिंगा, नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था) फायली आणि प्रमोशनसाठी जमवायची सर्टिफिकेटं दिसत नाहीत. या प्रमोशनला कॅस (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) म्हणतात, जुनी मंडळी प्लेसमेंट म्हणतात, आणि विभागात चहाच्या वेळी राज्यशास्त्रापेक्षा कॅसवर जास्त चर्चा होते हे कोणी लिहीत नाही म्हणून इथे लिहिलं.

या तिघांच्या खाली, कागदावर नसलेला चौथा थर म्हणजे तासिका तत्त्वावरचे, सीएचबीवाले (क्लॉक अवर बेसिस). यांनाही मुलं सरच म्हणतात, पण पैसे घेतलेल्या तासाचे, सुट्टीचे काहीच नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हे मे महिन्यात माहीत नसतं. नेट, सेट, पीएचडी तिन्ही असून दहा-दहा वर्षं असं करणारे लोक आहेत. कायम जागा भरल्याच जात नाहीत, मग विभागाचा गाडा यांच्याच खांद्यावर.

महाराष्ट्रातल्या या प्राध्यापकांचं खरं वेगळेपण माझ्या मते ग्रंथालयाबाहेर आहे, मतदाराच्या दारात जाण्यात. पुणे विद्यापीठ १९४९ चं, आणि तिथल्या प्रा. सिरसीकरांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार नेमका कसा वागतो याचा अभ्यास करून १९६५ मध्ये पुस्तक काढलं. तेव्हा राज्यशास्त्र म्हणजे मुख्यतः राज्यघटना आणि संस्था वाचायच्या असा रिवाज होता, त्यात हा माणूस मतदारालाच विचारायला निघाला. पुढे १९७० मध्ये त्यांचं ग्रामीण पुढाऱ्यांवरचं पुस्तक आलं, म्हणजे जिल्हा परिषद, सहकार, पंचायत यातून तयार झालेला जो वर्ग आपण रोज बघतो त्याच्यावर. त्याच विभागात नंतर राजेंद्र व्होरा (मुळशी सत्याग्रहावर पुस्तक लिहिणारे), सुहास पळशीकर, यशवंत सुमंत, राजेश्वरी देशपांडे असे लोक शिकवायला होते, आणि १९९७ मध्ये दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेने लोकनीती हा निवडणूक अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केल्यावर पळशीकर त्याचं नेतृत्व करणाऱ्यांत आले, तेव्हापासून निवडणुकीनंतरचा सर्व्हे हा इथल्या मुलांना ओळखीचा प्रकार झाला.

तो सर्व्हे बघण्यासारखा असतो. मतदार यादीतून ठराविक अंतराने नावं निवडलेली असतात आणि मुलांना त्याच नावाच्या माणसाकडे जायचं असतं, तो शेतावर गेला असेल तर परत जायचं, शेजारी बसलेल्या रिकाम्या माणसाला विचारून फॉर्म भरायचा नाही (मोह फार होतो, ऊन असतं). मत कोणाला दिलं हे तोंडी विचारत नाहीत, खोटी मतपत्रिका देतात, त्यावर पक्षांची चिन्हं, त्या माणसाने खूण करून घडी घालून सोबत नेलेल्या पेटीत टाकायची, आणि तेवढा वेळ आपण दुसरीकडे बघायचं. घरात सासरा खाटेवर बसलेला असेल तर सुनेला एकटं बोलू देणं ही खरी परीक्षा, "तिला काय विचारता, मी सांगतो की" हे वाक्य सर्व्हेला गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. आणि जात विचारताना आवाज आपोआप खाली येतो. वर्गात तीन महिने सॅम्पलिंग (नमुना निवड) शिकवून कळत नाही ते एका दुपारी कळतं.

बाकी विद्यापीठांतही नाव घ्यावीत अशी माणसं झाली. १९४२ मध्ये भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवून तुरुंगात गेलेल्या उषा मेहता पुढे मुंबई विद्यापीठात याच विषयाच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख होत्या. नागपूरला भा. ल. भोळे, कोल्हापूरला अशोक चौसाळकर. य. दि. फडके हे पण राज्यशास्त्राचेच प्राध्यापक, पण त्यांना लोक इतिहासकार म्हणूनच ओळखतात, २००० च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

प्राध्यापकाने वर्गाबाहेर काही लिहिलं की त्याची किंमत कधी कधी मोजावी लागते. एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे मुख्य सल्लागार पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. त्यात शंकर यांचं १९४९ चं, घटना तयार व्हायला वेळ लागतोय यावरचं व्यंगचित्र होतं आणि चित्रात डॉ. आंबेडकर होते, त्यावरून मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, दोघांनी राजीनामे दिले आणि पुण्यात पळशीकरांच्या विभागातल्या ऑफिसची मोडतोड झाली. २०२३ मध्ये त्याच पुस्तकांमधले भाग गाळले गेले तेव्हा आमची नावं त्यावरून काढा असं दोघांनी कळवलं. एकाच पुस्तकावर दोनदा, दोन वेगळ्या सरकारांच्या काळात.

भाषेचा प्रश्न रोजचा आहे. पेपर मराठीत लिहिता येतो पण वाचायचं बहुतेक सगळं इंग्रजीत, त्यामुळे सर वर्गात अर्धे अनुवादक असतात. लेजिटिमसीला (सत्ता योग्य आहे असं लोकांनी मानणं) अधिमान्यता, हेजिमनीला (जबरदस्ती न करता लोकांनी मान्य केलेलं वर्चस्व) धुरीणत्व, हे शब्द याच लोकांनी लिहून लिहून रुळवले, समाज प्रबोधन पत्रिकेसारख्या नियतकालिकांचा त्यात मोठा वाटा. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला धुरीणत्वही परकं आणि हेजिमनीही परकं, मग चांगले सर गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीचं उदाहरण देतात, की बिनविरोध का होते ते सांग, आणि गाडी मार्गाला लागते.

पीएचडीला मार्गदर्शन हे प्राध्यापकाचं दुसरं मोठं काम, मर्यादा आठ विद्यार्थ्यांची, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार. शेवटी ओपन व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा होते. बाहेरचे परीक्षक येतात, गाईड पहिल्या रांगेत मुलापेक्षा जास्त घामाघूम, मुलाचे आईवडील नवीन कपड्यांत मागे बसलेले, त्यांना यातलं काही कळत नसतं पण कोणी कडक प्रश्न विचारला की आईचा चेहरा उतरतो. मग शाल, श्रीफळ, सामोसे, फोटो.

राज्यातल्या विद्यापीठात हा माणूस साठीला निवृत्त होतो, केंद्रीय विद्यापीठात पासष्टला. निवृत्त झालेल्या सरांचं लिखाण बहुतेक वेळा वाढतं, कारण मीटिंगा संपलेल्या असतात, आणि निवडणूक लागली की पेपरवाल्यांचे फोन चालू होतात, संध्याकाळी सातपर्यंत आठशे शब्द द्या म्हणून.