नॅट आहे म्हणून फायरवॉल नको?

‘राउटरला नॅट आहे, आतले पत्ते बाहेर दिसत नाहीत, मग फायरवॉल कशाला?’ हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो पटतो.

नॅट (नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन) पत्ता बदलतं, एवढंच. १९२.१६८.१.२० वरून निघालेलं पॅकेट राउटरचा सार्वजनिक पत्ता घेऊन जातं आणि त्याची नोंद तक्त्यात राहते. बाहेरून आगंतुक आलेल्या पॅकेटची नोंद नसते, म्हणून ते आत पोचत नाही. हा जोडफायदा झाला. कुणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवते ती फायरवॉलची पॉलिसी, म्हणजे नियम.

कळंगुटचं एखादं गेस्टहाउस घ्या. पाहुण्यांचं वायफाय आणि बिलिंगचा पीसी एकाच झोनमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) असतील, तर त्यांच्यातली ये-जा नॅटपर्यंत पोचतच नाही. आयपीव्ही६ला (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला) नॅट सहसा नसतंच. आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरवर स्वतः पोर्ट उघडू देणारी सोय) चालू असेल तर आतलं उपकरण (बहुधा कॅमेरा) न विचारता पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून घेतं.

तपासायचं असेल तर पाहुण्यांच्या वायफायवरून बिलिंग पीसीचं शेअर्ड फोल्डर, म्हणजे पोर्ट ४४५, उघडतं का पाहा. पिंगवर (उपकरण उत्तर देतं का हे पाहणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका. विंडोज ते बऱ्याचदा स्वतःच अडवतं. मग मोबाइल डेटावरून आपल्या सार्वजनिक पत्त्याचे पोर्ट स्कॅन करा, म्हणजे कोणते उघडे आहेत ते कळेल. मात्र राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर पुढे इंटरनेट पुरवठादाराचं आणखी एक नॅट आहे आणि ते स्कॅन तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही.