जोड-पटल आरओ (खिडकी-सफाई)

जोड-पटल आरओ : इमारतीच्या काचा बाहेरून धुण्यासाठी लागणारे जवळजवळ क्षारमुक्त पाणी व्यस्त परासरणाची (आरओ) दोन पटले, म्हणजे दाबाखालील पाणी जाऊ देणारे पण क्षार अडवणारे पडदे, एकत्र जोडून मिळवण्याची पद्धत. मुख्यतः ब्रिटनमधील फिरते काचसफाई व्यावसायिक ती वापरतात. परासरणाला काही परिभाषाकोशांत ‘तर्षण’ असेही म्हटले आहे. स्वयंपाकघरातील आरओ याच तत्त्वावर चालतो, मात्र येथे पटल बरेच मोठे असते आणि पाण्याची पारख चवीवर होत नाही, काचेवर डाग पडतो की नाही यावर होते.

नळाच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळला की कडेला पांढरट कडे उरते. लिटरमागे 300 मिलिग्रॅम विद्राव्य क्षार (टीडीएस) असलेल्या पाण्याच्या 0.05 मिलिलिटर थेंबात 0.015 मिलिग्रॅम घन पदार्थ असतो. तो वजनात नगण्य असला, तरी उन्हात चमकणाऱ्या काचेवर लगेच दिसतो. हेच पाणी 10 मिलिग्रॅमपर्यंत उतरवले की थेंबामागे 0.0005 मिलिग्रॅम उरतो आणि काच न पुसता तशीच वाळू देता येते. व्यवसायात 10 ही चालण्याजोगी वरची मर्यादा मानतात. काटेकोर कारागीर शून्याचा आग्रह धरतात. दक्षिण-पूर्व इंग्लंडचे पाणी खडूच्या थरांतून येत असल्याने जड असते. स्कॉटलंडमध्ये ते बहुधा मऊ असल्याने तेथे आरओची निकड तेवढी भासत नाही.

अर्धपार्य पटलातून द्रावक झिरपण्याची घटना, म्हणजेच परासरण, फ्रेंच पाद्री नॉले यांनी 1748 मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून नोंदवली. दाब देऊन तिची दिशा उलटवण्याचे श्रेय कोणाला द्यावे, याबाबत एकमत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात रीड व ब्रेटन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे पटल क्षार अडवते हे 1959 च्या सुमारास दाखवले. पण त्यातून पाणी फारच थोडे झिरपे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सुरिराजन यांनी त्याच सुमारास असममित पटल घडवले. त्याचा वरचा कातडीसारखा थर अतिशय पातळ आणि खालचा आधार सच्छिद्र असल्याने पाण्याचा प्रवाह अनेक पटींनी वाढला. काही लेखक पहिला मान फ्लोरिडाला देतात. पण 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा गावाला पाणी पुरवणारे संयंत्र लोब-सुरिराजन पटलावर चालले, हे पाहता व्यवहारातला आरंभ त्यांच्यापासून धरणे अधिक युक्त वाटते. आजची पटले सेल्युलोजची नसून पातळ पॉलिअमाइड थराची असतात. त्यांचा पाया जॉन कॅडॉट यांच्या कामाने घातला. त्यांचे अमेरिकी पेटंट 1981 चे आहे.

हे पाणी काचसफाईत केव्हा आले, याची माहिती विरळ आहे. नळी जोडलेला दांडा व ब्रश आधीही होता. शुद्ध पाण्याची जोड त्याला नंतर मिळाली. ब्रिटनमध्ये तिचा प्रसार 1990 च्या दशकापासून झाला असे सामान्यतः मानतात. उंचीवरील कामाच्या 2005 च्या नियमांमुळे तिला बळ मिळाले. या नियमांनी शिडीवर बंदी घातली, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. उंचीवर चढणे व्यवहार्यपणे टाळता येत असेल तर टाळावे, एवढाच त्यांचा रोख आहे.

‘जोड’ या शब्दाने मात्र बराच घोळ केला आहे, कारण त्याखाली तीन वेगळ्या रचना येतात. प्रचलित पटल ‘4040’ आकाराचे, म्हणजे 4 इंच व्यासाचे व 40 इंच लांबीचे असते. पहिल्या रचनेत दोन्ही पटलांना एकाच वेळी नळाचे पाणी मिळते. दाब टिकून राहिला तर शुद्ध पाणी जवळपास दुप्पट येते. पण नळाची धारच बारीक असेल तर प्रत्येक पटलावरून वाहणारे पाणी मंदावते आणि क्षार साठू लागतात. दुसऱ्या रचनेत पहिल्या पटलाचे टाकाऊ पाणी दुसऱ्याला दिले जाते. समजा 300 टीडीएसच्या पाण्यातून निम्मे शुद्ध काढले आणि पटल 97 टक्के क्षार अडवते. मग पहिल्यातून सुमारे 9 टीडीएसचे पाणी मिळते आणि उरलेले सुमारे 590 चे होते. ते दुसऱ्यात गेल्यावर तेथून सुमारे 18 चे पाणी येते. म्हणजे पाण्याची बचत होते, पण एकत्रित शुद्धता घसरते आणि दुसऱ्या पटलावर चुनखडी बसण्याचा धोका वाढतो.

तिसरी रचना खरी ‘दुहेरी गाळणी’: शुद्ध झालेले पाणीच पुन्हा दुसऱ्या पटलातून काढायचे. पहिल्या पटलातून पाणी बाहेर पडते तेव्हा त्याला दाब उरत नाही, म्हणून मध्ये टाकी व पंप लागतो. शिवाय विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दोन्ही पटलांतून सहज निसटतो, त्यामुळे टीडीएस मापकावरचा आकडा शून्यावर येत नाही. काचसफाईत ही रचना क्वचितच दिसते. जाहिरातीत ‘जोड’ वाचून पाणी दुप्पट शुद्ध मिळेल असे समजणारा ग्राहक बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या रचनेचे यंत्र घरी नेतो. त्याच्या पदरी पडते ते अधिक पाणी. थंडीत हेच कामाला येते. पटलांची क्षमता 25 अंश सेल्सियसला सांगितलेली असते. तापमान अंशागणिक उतरते तसा प्रवाह सुमारे 3 टक्क्यांनी घटतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात नळाचे पाणी 5 अंशांवर आले की एका पटलाचे उत्पादन जवळपास निम्मे होते.

पटलाआधी गाळ अडवणारी व कोळशाची गाळणी लावतात, कारण क्लोरीन पॉलिअमाइड खाते. शेवटचे काही टीडीएस आयन-विनिमय राळेवर (रेझिन, म्हणजे पाण्यातील क्षारांचे आयन धरून ठेवणारे मणी) सोपवले जातात. येथे सिलिकेचा प्रश्न येतो. टीडीएस मापक प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि सिलिका फारशी आयनरूप नसल्याने त्यात जेमतेम उमटते. राळ संपत आली की सैल धरलेली सिलिका आधी सुटते. त्यामुळे मापकावर 0 किंवा 1 दिसत असतानाही काचेवर ठिपके पडू शकतात, आणि ते पाण्याने निघत नाहीत.

कामाची रीत साधी आहे. रात्रभर टाकी भरून ठेवायची, सकाळी गाडीतून नेऊन कार्बन तंतूच्या लांब दांड्याने जमिनीवरून धुवायचे. साबण वापरत नाहीत. आधी चौकट घासतात. तिच्यातून करडे पाणी वाहणे थांबेपर्यंत काचेला अखेरचा हात मारण्यात अर्थ नसतो, नाहीतर वरून ओघळ येतो.

टाकाऊ पाणी हा या पद्धतीचा अडचणीचा भाग. भारतात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये, 500 पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी पिण्याचे आरओ वापरण्यास मनाई करावी आणि अन्यत्र 60 टक्क्यांहून अधिक पाणी परत मिळवावे, असे निर्देश दिले. मुंबई-पुण्यातील काचेच्या इमारती मुख्यतः दोरावर लटकून किंवा पाळण्यातून धुतल्या जातात. मुंबईला मिळणारे तलावांचे पाणी मऊ असल्याने तेथे केवळ राळेवरही काम भागू शकेल. दख्खनच्या पठारावरील विंधन विहिरींचे पाणी वापरायचे झाले तर मात्र आधी आरओ लावावा लागेल.