अंगावर बेतले जाणारे झगे: अठराव्या शतकातील एका शिवणपद्धतीची पार्श्वभूमी

युरोप-अमेरिकेत जुन्या काळचे पोशाख स्वतः शिवण्याची हौस असलेल्या मंडळींमध्ये अठराव्या शतकातील झग्यांना विशेष मान आहे, आणि हे झगे शिवायला बहुधा दोघी-तिघी मैत्रिणी एकत्र बसतात. ही संगत केवळ गप्पांसाठी नसते. त्या काळी बायकांचा झगा छापील नमुन्यावरून कापला जात नसे. तो घालणारीच्या अंगावरच कापड टाचून बेतला जाई, आणि स्वतःच्या पाठीवरच्या चुण्या कोणालाही स्वतः टाचता येत नाहीत.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फ्रान्समध्ये श्रीमंत स्त्रियांचे मुख्य कपडे शिवण्याचा हक्क पुरुष शिंप्यांच्या संघाकडे होता. १६७५ मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र संघाला मान्यता दिली. वाटणी मात्र शिंप्यांच्या सोयीने झाली. देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या घालून ताठ केलेल्या चोळ्या, म्हणजे कॉर्सेटचे त्या काळचे रूप, शिंप्यांकडेच राहिल्या आणि वरचा सैलसर झगा स्त्रियांच्या वाट्याला आला. नेमक्या त्याच सुमारास ‘मँटुआ’ नावाचा असा झगा लोकप्रिय होऊ लागला होता. इंग्लंडमध्ये तो शिवणाऱ्या बायकांना पुढे शंभरेक वर्षे मँटुआ-मेकर म्हणत. शरीराला आकार देण्याचे काम आतली चोळी करीत असल्यामुळे झग्याला गुंतागुंतीच्या कापाची गरज उरली नाही. सरळ पट्टे घेऊन ते चुण्यांनी अंगासरशी बसवले की काम भागत असे.

या पद्धतीमागचे दुसरे कारण पैशाचे होते आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. रेशीम हातमागावर विणले जाई, त्याचा पन्हा जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास असे आणि झग्याच्या एकूण खर्चात शिलाईपेक्षा कापडाचा वाटा कितीतरी मोठा असे. अशा कापडाला कात्री लावणे जिवावर यायचेच. म्हणून पाठीचा अखंड पट्टा मानेपासून घोट्यापर्यंत न तोडता खाली सोडायचा, जास्तीचे कापड चुण्यांत दडवायचे आणि ठसठशीत धावदोऱ्याने परकराचे पट्टे जोडायचे, म्हणजे पुढे फॅशन बदलली की उसवून तेच कापड नव्याने वापरता येई. कापड न कापता अंगावर बसवण्याचे मोल नऊवारी नेसणाऱ्यांना वेगळे सांगायला नकोच. संग्रहालयांतील अनेक झग्यांवर जुन्या टाक्यांची भोके आणि मोडलेल्या चुण्यांच्या रेघा अजून दिसतात. १७५० च्या सुमाराचे रेशीम वीस-पंचवीस वर्षांनी नव्या घडणीत पुन्हा अंगावर चढल्याचा तो पुरावा असतो.

भारताचा संबंध येतो तो कापडातून. कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगीत छीट युरोपात इतकी खपू लागली, की स्थानिक विणकरांच्या दबावाखाली फ्रान्सने १६८६ ते १७५९ या काळात तिच्यावर बंदी घातली, तर इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरणेच गुन्हा ठरवले. तरीही बायकांनी ते घातले, आणि अशा छिटीचे झगे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळतात.

एकोणिसाव्या शतकात हे कसब मागे पडले. १८४६ मध्ये एलायस होवे यांनी आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले, १८६० च्या दशकात अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांचे निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकले जाऊ लागले, आणि घरोघरीचे शिवण सपाट कागदावरून होऊ लागले. कापड थेट आकृतीवर बेतण्याची रीत पॅरिसच्या उंची पोशाखगृहांत टिकली, पण तिथे जिवंत अंगाची जागा बहुधा पुतळ्याने घेतली.

जुनी पद्धत पुन्हा समजू लागली ती विसाव्या शतकात, जेव्हा अभ्यासकांनी चित्रांवर विसंबणे सोडून प्रत्यक्ष झगे उलटेपालटे करून पाहिले. इंग्लंडच्या जॅनेट अर्नोल्ड यांनी संग्रहालयांतील कपड्यांची इंचन् इंच मापे घेऊन त्यांचे आराखडे १९६४ पासून प्रसिद्ध केले. कुठे कोणता टाका आहे, अस्तर कुठे जोडले आहे, हे सामान्य शिवणाऱ्यांना त्यातून प्रथमच नीट कळले. पुढे अमेरिकेतील कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या वसाहतीच्या जतन केलेल्या गावात मँटुआ-मेकरचा व्यवसाय उमेदवारीच्या जुन्या रीतीने शिकवला जाऊ लागला.

हौशी मंडळी आज करतात ते बरेचसे याच धर्तीवर चालते. घालणारी आधी चोळी आणि परकर चढवते. दुसरी तिच्या अंगावर तागाचे अस्तर टाचून त्याचा बेत पक्का करते, मग त्यावर वरचे कापड ठेवून पाठीच्या चुण्या दोन्ही बाजूंना सारख्या येईपर्यंत टाचण्या काढते-घालते. त्यानंतर मेण लावलेल्या दोऱ्याने चुण्या सुलट बाजूनेच सर्व थरांतून शिवल्या जातात, त्यामुळे टाके वरून दिसतात आणि तसे ते दिसणे त्या काळी वावगे मानले जात नसे. मग जागा बदलतात. आतली चोळी मात्र या अदलाबदलीत बसत नाही. असंख्य घट्ट टाक्यांचे ते काम जिचे तिने बहुतेक एकटीनेच उरकायचे असते, आणि ती पुरी झाल्याशिवाय झग्याच्या कापडाला हात लावण्यात अर्थ नसतो, कारण चोळी बदलली की सगळी मापे बदलतात.