घरगुती घातक कचरा
घरातून टाकल्या जाणाऱ्या ज्या वस्तूंत विषारी, ज्वालाग्राही, दाहक किंवा संसर्ग पसरवणारा अंश उरलेला असतो, त्यांना घरगुती घातक कचरा म्हणतात. केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये ओल्या आणि सुक्या कचऱ्याबरोबर हा तिसरा प्रकार वेगळा ठेवणे प्रत्येक घरावर बंधनकारक झाले. रंगाचे व कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, संपलेले सेल, वापरलेल्या सुया आणि सिरिंज हे सारे यात मोडते. वजनाने हा कचरा थोडा असतो, पण ओल्या कचऱ्यात मिसळला तर त्यापासून होणारे खतही दूषित करतो.

त्याचा पहिला फटका बसतो तो कचरा हाताळणाऱ्यांना. पुण्यात 2008 पासून महापालिकेबरोबर काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य दारोदार जाऊन कचरा गोळा करतात आणि हातांनी तो निवडतात. पिशवीत सुटी टाकलेली इन्सुलिनची सुई हातमोज्यातूनही बोटात जाते आणि त्यातून कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून सुया फिनेलच्या किंवा तशाच जाड बाटलीत टोक खाली करून टाकाव्यात, बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करावे आणि वर ठळक अक्षरांत ‘सुया’ लिहावे. एवढे करायला मिनिटही लागत नाही. ते न करणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

थर्मामीटर फुटला तर घाई करू नये. मुलांना खोलीबाहेर काढावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. झाडू मारला की पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होऊन फरशीच्या सांध्यांत शिरतात, आणि पारा खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन श्वासात जातो. ताठ पुठ्ठ्याने थेंब एकत्र ढकलून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत, उरलेले कण चिकटपट्टीने टिपावेत. सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, तरी फुटलेल्या दिव्याला हीच रीत लावावी. न फुटलेला दिवा मूळ खोक्यात ठेवावा.

जुनी अँटिबायोटिक औषधे मोरीत ओतू नयेत. सांडपाणी प्रकल्प ती पूर्णपणे काढू शकत नाहीत आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढायला मदत होते. गोळ्यांची पाकिटे कापून वेगळ्या पिशवीत द्यावीत, म्हणजे ती पुन्हा विकली जाणार नाहीत. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, कारण दाबाखाली लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीतही पेट घेऊ शकते. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. उरलेली रसायने शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर मुलांच्या जिवावर बेतणारी आहे.

गावाकडे मोठा प्रश्न फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या डब्यांचा आहे. डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पिण्याचे पाणी किंवा तेल भरणार नाही. तो चुलीत किंवा बांधावर जाळू नये.

2016 च्या नियमांनुसार दर 20 चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र उभारणे स्थानिक संस्थांचे काम होते. नियम स्पष्ट होता, पण आपल्या भागातले केंद्र कुठे आहे हे बहुतेक नागरिकांना ठाऊक नसते. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये सॅनिटरी पॅड, डायपर, मुदत संपलेली औषधे अशा कचऱ्यासाठी स्वतंत्र संकलन सुरू केले. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत. तिथे जाळण्याजोगा कचरा उच्च तापमानाच्या भट्टीत जाळतात आणि उरलेला अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यांत पुरतात.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र सहसा दुकानात परत जाते, कारण तिच्यातल्या शिशाचे पैसे मिळतात. पेन्सिल सेलला असा भाव नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 ने वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात सेल टाकायची पेटी ठेवली गेली, तरच ही जबाबदारी घरापर्यंत पोहोचेल.