लेखी रोलप्लेमधील शिष्टाचार

लेखी रोलप्ले म्हणजे इंटरनेटवरून दोन किंवा अधिक जणांनी, प्रत्येकी एकेका काल्पनिक पात्राच्या वतीने मजकूर टंकून, मिळून रचत नेलेली गोष्ट. चित्र, आवाज, हावभाव यांतले काहीच नसते. पडद्यावर उमटलेले वाक्य हेच घडलेले मानले जाते. नवख्यांना सांगितले जाणारे बहुतेक संकेत या एका स्थितीतून निघतात. लिहिणाऱ्याच्या शब्दाने घटना खरी ठरत असेल, तर कोणी कोणाबद्दल काय लिहावे याला मर्यादा लागतेच. कोकणातल्या दशावतारात कथानक ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. समोरच्याला बोलायला जागा ठेवणे हे तिथले कसब इथेही लागते. फक्त इथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून जे तिथे नजरेने कळते ते इथे नियम करून सांगावे लागते.

या खेळाचे तांत्रिक मूळ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात आहे. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा मजकुरी खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात खजिना शोधून गुण मिळवण्यावर भर होता. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स ॲस्पनेस यांच्या ‘टायनीमड’ने गुणांची शर्यत बाजूला सारली आणि खेळाडूंना स्वतः खोल्या व वस्तू रचण्याची मुभा दिली. त्याच्या वंशातील ‘मश’, ‘मक’ आणि ‘मू’ या प्रकारच्या सर्व्हरांवर गोष्ट रचणाऱ्यांची वस्ती वाढली. आज डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर रोलप्ले करणारे जे शब्द वापरतात, त्यांतले बरेचसे या जुन्या सर्व्हरांवर रुळलेले आहेत.

पहिला आणि सर्वांत कडक संकेत असा, की दुसऱ्याचे पात्र दुसऱ्याचे असते. आपल्या पात्राने काय केले ते लिहावे. त्याचा समोरच्यावर काय परिणाम झाला ते त्याने लिहायचे. हा संकेत मोडून समोरच्याच्या पात्राची हालचाल, जखम किंवा भावना परस्पर लिहून टाकण्याला ‘पॉवरप्ले’ म्हणतात. आपले पात्र कशानेच हरत नाही, त्याला कोणताही वार लागत नाही, असे लिहिण्याला ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात. दोन्ही शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. नवख्याच्या हातून हे घडते ते बहुधा वाईट हेतूने नाही. कथा लिहिताना सगळी पात्रे आपल्याच ताब्यात असतात, ती सवय सोबत येते. ‘रायाजीने पहारेकऱ्याला ढकलून पाडले आणि तो वाड्यात शिरला’ हे वाक्य कथेत चालते. रोलप्लेमध्ये पहारेकरी दुसऱ्या कोणाचा असेल तर ‘रायाजीने खांदा पुढे घालून पहारेकऱ्याला जोरात रेटले, डोळे मात्र त्याच्यामागच्या अर्धवट उघड्या दाराकडे’ इथे थांबावे लागते. पहारेकरी पडला, की त्याने रायाजीची मान धरली, हे पुढच्याने ठरवायचे. दुसरे वाक्य वाचायलाही अधिक चांगले आहे, हा त्याचा वरचा फायदा.

या संकेताला इतके वजन का आले हे लॅम्डामूच्या इतिहासातून समजते. पॅव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन केंद्रात १९९० च्या सुमारास सुरू केलेला हा सर्व्हर. १९९३ मध्ये तिथे ‘मिस्टर बंगल’ नाव घेतलेल्या एका वापरकर्त्याने एक उपप्रोग्रॅम चालवून, इतरांची पात्रे हिंसक लैंगिक कृत्ये करत आहेत असा मजकूर त्यांच्याच नावाने सार्वजनिक दिवाणखान्यात उमटवला. ज्यांच्या पात्रांबद्दल हे लिहिले गेले त्यांना झालेला त्रास खरा होता. त्यावर तिथे मोठी सभा भरली, निर्णय होईना, आणि शेवटी एका व्यवस्थापकाने, म्हणजे तिथल्या भाषेत ‘विझर्ड’ने, ते खाते काढून टाकले. पुढे लॅम्डामूवर वापरकर्त्यांनी अर्ज करून मतदान घेण्याची पद्धत आली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘द व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात या प्रकरणावर लेख लिहिला आणि ऑनलाइन वर्तनावरच्या चर्चेत तो आजही आधाराला घेतला जातो. तंत्राने जे शक्य आहे ते सगळे करायची मुभा आहे असे नव्हे, हे त्या प्रकरणाने ठळक केले. मशवरही नावाशिवाय कोणताही मजकूर उमटवण्याची आज्ञा असते. वातावरण, पाऊस, दूरचा गोंगाट लिहायला ती सोयीची. तिचा गैरवापर ओळखता यावा म्हणून ‘नोस्पूफ’ ही खूण लावून घेता येते. मग तो मजकूर कोणी टंकला ते दिसते.

दुसरी मोठी रेषा पात्र आणि खेळाडू यांच्यामधली. पात्राच्या वतीने लिहिलेले ते ‘आयसी’ (इन कॅरॅक्टर), खेळाडूने स्वतः म्हणून लिहिलेले ते ‘ओओसी’ (आउट ऑफ कॅरॅक्टर). प्रसंग चालू असताना स्वतःचे काही सांगायचे असल्यास ते दुहेरी कंसात टाकण्याची प्रथा आहे, आणि लांबण लागणार असेल तर वेगळ्या चॅनेलवर जाण्याची. भर दरबारात तलवारी उपसलेल्या असताना कोणी कंसात ‘जेवून येतो’ लिहिले तर कोणी रागावत नाही. दर दोन ओळींनी कंस उघडला की मात्र प्रसंग पातळ होतो. याच रेषेची दुसरी बाजू म्हणजे ‘मेटागेमिंग’: खेळाडू म्हणून वाचलेली माहिती पात्राला माहीत असल्यासारखी वापरणे. विषाचा पेला कोणाचा हे तुम्ही वाचलेले असते, तुमच्या पात्राने ते पाहिलेले नसते. ज्यांना हे सांभाळता येते, तेच जाणूनबुजून तो पेला पात्राच्या ओठाला लावतात, आणि त्यांच्यासोबत खेळायला लोक रांग लावतात.

पात्राचा राग खेळाडूवर काढू नये, हेही यातच आले. उलट दिशेचा संकेतही तितकाच महत्त्वाचा: पात्राने केलेल्या कृतीचे परिणाम पात्राला भोगावे लागतात. सरदाराचा भर सभेत अपमान केला, तर ‘मी गंमत केली’ ही ओओसी सबब चालत नाही. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व याबाबत मात्र बऱ्याच ठिकाणी त्या खेळाडूची संमती लागते. जिथे निकाल फाशांवर किंवा प्रोग्रॅमवर सोपवलेला असतो, तिथे फासा पडल्यावर हुज्जत घालत नाहीत. आपण कोणत्या प्रकारच्या सर्व्हरवर आलो आहोत हे आधी पाहावे. म्हणूनच आल्या आल्या नियम वाचा आणि काही काळ नुसते वाचत बसा, हा सल्ला सगळीकडे मिळतो.

एका वेळी लिहिलेल्या मजकुराला मशच्या परंपरेत ‘पोझ’, इतरत्र ‘पोस्ट’ म्हणतात. तिच्या लांबीचा नियम नाही, पण समोरच्याच्या लांबीच्या आसपास राहणे बरे. चार परिच्छेदांना ‘ती हसली’ एवढेच उत्तर आले की समोरच्याला पुढे काय लिहावे ते सुचत नाही. पोझमध्ये पकडायला काहीतरी असावे, एखादा प्रश्न, हातातून पडलेली वस्तू, अपुरे राहिलेले वाक्य. नवख्यांची एक खोड जुन्या खेळाडूंना विशेष खुपते, ती म्हणजे पात्राच्या मनातले टोमणे लिहिणे. ‘हा किती मूर्ख आहे, असे तिच्या मनात आले’ हे समोरचा खेळाडू वाचतो, पण त्याच्या पात्राला ऐकू येत नाही. उत्तर देण्याची वाटच बंद. तोच तिरस्कार भुवईत किंवा आवाजात आणला तर खेळता येतो.

अनेकजण असतील तर पाळी ठरते. छोट्या प्रसंगात ज्या क्रमाने सुरुवात झाली तोच पुढे चालवतात. गर्दीत तीन पोझचा नियम वापरतात: आपल्यानंतर तीन जणांचे लिहून झाले की आपण पुन्हा लिहू शकतो. चालू प्रसंगात शिरण्याआधी खाजगी निरोपाने विचारावे. परवानगी मिळाल्यावरही छत फोडून येण्यापेक्षा दारातून यावे. नव्या पात्राच्या आगमनाने सगळ्यांचे संभाषण थांबावे अशी अपेक्षा करणे फारसे आवडत नाही. पात्र रचतानाही हेच. राजाचा हरवलेला मुलगा, अर्धा देव, शिवाय अनाथ, असे पात्र घेऊन येणारे रोज येतात. गावात काहीतरी काम असलेले पात्र, मग तो लोहार असो की कारकून, लोकांच्या प्रसंगांत लवकर मिसळते.

मराठीतून खेळताना व्याकरण दोन निर्णय आधीच करायला लावते. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे लिहावेच लागते, त्यामुळे स्वतःची ओळख झाकून ठेवू इच्छिणाऱ्याला ओओसी बोलतानाही जपावे लागते. इंग्रजीत हा प्रश्न पहिल्या पुरुषात येत नाही. पात्राची पोझ तृतीय पुरुषात लिहिण्याची रीत इथे म्हणून अधिकच उपयोगी पडते. दुसरे, तू की तुम्ही. पात्रे एकमेकांना खुशाल अरे-तुरे करोत. कंसातल्या अनोळखी खेळाडूला ‘तुम्ही’ म्हणावे, तो स्वतः ‘तू’वर आला तर गोष्ट वेगळी.

नाजूक विषयांसाठी आधी बोलून घेण्याची पद्धत टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळांतून इकडेही आली. ‘रेषा’ म्हणजे गोष्टीत यायलाच नको असे विषय. ‘पडदा’ म्हणजे घडले तरी तपशिलात लिहायचे नाही असे. प्रसंग तिथपर्यंत पोहोचला की कोणीही ‘फेड टू ब्लॅक’, म्हणजे तो भाग न लिहिता पुढे जाणे, मागू शकतो, आणि त्याचे कारण विचारायचे नसते. सज्ञानांसाठीचा मजकूर डिस्कॉर्डवर वयाची मर्यादा लावलेल्या चॅनेलमध्येच चालतो. समोरचा अठराच्या आतला आहे असे कळले किंवा नुसती शंका आली, तरी असा प्रसंग तिथेच थांबवायचा. त्यात संमतीचा प्रश्नच येत नाही. खेळाडूचे खरे नाव, शाळा, गाव विचारणे हे कोणत्याही वयाच्या माणसाच्या बाबतीत अशिष्ट समजले जाते. प्रसंगाची नोंद, म्हणजे ‘लॉग’, जपून ठेवणे सर्रास चालते. ती इतरांना दाखवण्याआधी त्यातल्या सर्वांना विचारतात.

खेळ सोडून जाणाऱ्याने निरोप द्यावा, निदान दोन ओळी लिहून पात्राला कुठेतरी प्रवासाला धाडावे. तेही न करता कोणी गप्प झाला तर त्याचे पात्र प्रसंगाच्या मधोमध अडकते. अशा वेळी ठरलेली मुदत उलटल्यावर बाकीचे त्याला निरुपद्रवी हालचालीने बाजूला करतात: तो झोपायला गेला, तिला घरून बोलावणे आले. त्याला ठार मारणे किंवा त्याचे लग्न लावून टाकणे, मालक महिनोन्महिने आला नसला तरी, शिष्टाचारात बसत नाही.